वारा कुठून सोडला?

अन्याय झाला तो प्रल्हाद खंडारे यांच्यावर. गेल्या वर्षी, मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, परतवाड्याहून अमरावतीला येताना, वलगाव लागायच्या थोडं आधी. त्यांचा ऑटो डाव्या अंगावर आडवा झाला, त्यांचा खांदा मोडला, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांचं ठरून गेलं की चूक चालकाची. एवढ्या झटपट जे ठरतं त्याच्यावर माझा विश्वास नाही.

आता पुन्हा वैशाख आलाय. घरोघर कूलरच्या ताट्या बदलून झाल्यात आणि गल्लीतून चाललं की प्रत्येक खिडकीतून ओल्या खसाचा वास येतो. शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. तीन वाजेपर्यंत कडुनिंबाचं पान हलत नाही, रस्ता नुसता तापत पडून असतो. आणि मग पश्चिमेकडून काहीतरी उठतं. आधी लांबच्या छपरांची टिनं वाजतात, मग जवळची. दारं आपटतात, दोरीवरची लुगडी शेजारच्या अंगणात जातात, तोंडात माती येते. आमच्याकडे याला वावधन म्हणतात. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात, परीक्षा आठवतात. मला टिन वाजलं की एक आडवा पडलेला ऑटो आठवतो, आणि मी संशयानं इकडंतिकडं बघायला लागते.

काल इथल्या पंचवटी चौकात बघितलं तर त्या ऑटोवर होती तशीच जाहिरातीची फळी. ऑटोच्या टपावर बांबूचा सांगाडा, त्याला बाइंडिंग तार, आणि चारही बाजूंनी ताणलेला फ्लेक्स. अकोल्यातला तोच क्लास, हसऱ्या पोरापोरींचे तेच फोटो, फोन नंबर वीतभर उंचीचा. फरक एकच. यंदा फळीला समोरून गोल नाक काढलंय, आणि नाकावर लिहिलंय, 'सुरक्षित डिझाइन'. ते नाक पाहून माझं डोकं फिरलं. का फिरलं ते कळायला मागच्या उन्हाळ्यात जावं लागेल.

प्रल्हादभाऊ आमच्या गल्लीतले. भातकुली रोडला आमची वस्ती आहे, तिथली निम्मी पोरं त्यांच्या ऑटोतून शाळेत गेली. मीसुद्धा, पाचवीपर्यंत. दप्तरं बाहेर लटकवलेली, दोघं मागच्या फळकुटावर उलटं तोंड करून, आणि वळण आलं की प्रल्हादभाऊंचा आवाज, "धरा रे पोट्टेहो." ते वळणावर इतके हळू घ्यायचे की मागचे सायकलवाले घंट्या वाजवायचे. आम्हाला लाज वाटायची.

शाळेच्या ऑटोंचा उन्हाळा मोकळा जातो. एप्रिलात परीक्षा संपल्या की शाळा थेट जूनच्या शेवटी उघडणार. मधल्या दिवसांत हे ऑटो प्रचाराला लागतात. निवडणूक असली तर पक्षाचा, नसली तर साड्यांच्या सेलचा, आणि दहावी-बारावी आटोपली की अकोल्याच्या क्लासेसचा. सकाळी फळी चढते, भोंगा बसतो, आणि शाळेचा ऑटो आसेगाव, परतवाडा, अचलपूर असा फिरायला लागतो. ती फळी कोण बसवतं? जाहिरातवाल्याची माणसं. चालकाला फक्त विचारतात, "काच झाकली नाही ना?" काच झाकली नाही म्हणजे सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने ऑटो उलटला.' मला वाटतं हे वाक्य छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेलं असतं, रोज नुसतं गावाचं नाव बदलतात. त्या वाक्यात फळी नव्हती. त्या दुपारी वावधन सुटलं होतं, आमच्या गल्लीतलं एक टिन उडून नाल्यात गेलं होतं, पण त्या वाक्यात वाराही नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे प्रल्हादभाऊंनीही ते वाक्य मान्य केलं. गळ्यात हात अडकवून ते ओट्यावर बसलेले, मी विचारलं तर म्हणाले, "मीच हँडल एका अंगाले जास्त मोडलं असन, बाई. सारे म्हनून राहिले तं असनच."

"तुमाले आठवते का मोडलेलं?"

"आठवत तं नाई."

जून संपला, शाळा उघडली. गल्लीतल्या आयांनी पोरं दुसऱ्या ऑटोत बसवली. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. आमच्या शेजारच्या रेखाकाकूंनी तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "माह्यं त्यायच्यावर काईच म्हननं नाई व. पन उलटलेल्या गाडीत लेकरू बसवाले जीवच होत नाई." त्यांच्या तिन्ही पोरांना प्रल्हादभाऊंनी कडेवर घेऊन ऑटोत चढवलंय.

पण शाळा उघडायच्या आधी, त्या तापलेल्या मेच्या उरलेल्या दिवसांत, आम्ही दोघींनी एक उद्योग केला होता. दुसरी म्हणजे स्नेहल वानखडे. मूळची अकोल्याची, इथल्या कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. मला ती 'पत्रकवाली' म्हणते, कारण आमच्या संघटनेची पत्रकं मी लिहिते, चिकटवते आणि कधीकधी तिच्या होस्टेलच्या खाटेखाली दडवते. तिचा प्रोजेक्ट होता संगणकात गाडीभोवतीचा वारा बघायचा. पडद्यावर एक चपटी, चकाकणारी परदेशी गाडी, तिच्यावरून निळ्या-हिरव्या रेघा सुळसुळत चाललेल्या.

"अशी गाडी अमरावतीत पाह्यली का तू कधी?" मी विचारलं.

"नाई. पन शिकायले हेच देतात."

"मंग ऑटो घाल त्याच्यात."

"ऑटोले वाऱ्याचं काय पडलं व?"

"प्रल्हादभाऊंले पडलं."

 संध्याकाळी ती टेप घेऊन माझ्याबरोबर आली आणि ऑटो मोजायला लागली. प्रल्हादभाऊंच्या घरामागे ती फळी टाकलेली होती, फ्लेक्स एका टोकाला फाटलेला, बांबू शाबूत. तीही मोजली.

ही गोष्ट वाटते तेवढी अवघड नाही. संगणकात एक रिकामी खोली बांधायची. मधोमध गाडी ठेवायची. एका भिंतीतून वारा आत सोडायचा, समोरच्या भिंतीतून जाऊ द्यायचा. खोलीतल्या हवेचे बारीक चौकोनी तुकडे पाडायचे, जाळी विणल्यासारखे. मग संगणक एकेका तुकड्याचं गणित करत बसतो, हवा इकडून किती आली, तिकडे किती गेली, गाडीला किती दाबून गेली. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट मिळत नाही तो गारवा. स्नेहलचा लॅपटॉप एवढा तापायचा की आम्ही तो कूलरसमोर स्टुलावर ठेवायचो आणि पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून मी मधे ओढणी धरून उभी राहायचे. माझं त्या प्रोजेक्टमधलं तांत्रिक योगदान एवढंच.

पहिलं उत्तर आलं आणि माझं तोंड उतरलं. फळीमुळे ऑटोला वारा जास्त अडतो, पेट्रोल जास्त जातं, पुढे जायला जोर लागतो. पण उलटायचं काही लक्षण नाही. "मॉडेल तं असंच म्हनते," स्नेहल म्हणाली. मी मॉडेलला दोन शिव्या घातल्या.

तरीही आम्ही अकोल्याला क्लासच्या ऑफिसात गेलो. एसीत बसलेला एक व्यवस्थापक होता, तिशीचा, अत्यंत नम्र. मला नम्र माणसांचा जास्तच संशय येतो. त्यानं टेबलाच्या खणातून एक रंगीत, लॅमिनेट केलेलं चित्र काढलं. त्यात ऑटो होता, फळी होती आणि रेघा होत्या. सगळं शांत निळं.

"मॅडम, हमने भी जाँच करवाई है. हे बघा, वारा कसा मस्त निघून जातो. फळीचा काही प्रॉब्लेम नाही. तुमच्या गल्लीतल्या लोकांनाही आम्ही फोनवर हेच पाठवतोय. ड्रायव्हरचं तुम्हीच बघा."

मी स्नेहलकडे पाहिलं. ती चित्राकडे बघत होती. तिला ते खोटं म्हणता येईना, कारण तिचंही चित्र तसंच आलं होतं. आम्ही त्याचं थंड पाणी पिऊन खाली उतरलो. बाहेर क्लास सुटला होता. शेकडो पोरं जिन्यावरून उतरत होती, हातात भौतिकशास्त्राच्या वह्या. उंचावर दिलेला धक्का वस्तूला लवकर पाडतो, हे त्यातल्या प्रत्येकाला त्या महिन्यात शिकवलं असणार. त्याच इमारतीतून ती फळी निघाली होती.

तिच्या स्कूटीवरून आम्ही परत निघालो. ऊन मागून, तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागून एक ट्रक आला, कडब्यानं टपाच्या वर भरलेला. तुम्ही दुचाकीवर असाल तर हे अंगाला माहीत असतं. ट्रक जवळ येतो तेव्हा आधी तो तुम्हाला बाजूला ढकलतो. मग तो पुढे सरकतो आणि तुम्हाला आपल्याकडे ओढतो.  माझ्या मांडीवरची पिशवी फडफडली, कडब्याचा चुरा डोळ्यांत गेला. स्नेहलनं स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"आपन वारा चुकीच्या भिंतीतून सोडला."

"म्हंजे?"

"समोरून सोडला. साऱ्या गाड्यायले समोरूनच सोडतात, म्हनून आपनबी सोडला. वावधन काय समोरून इचारून येते का?" तिनं ओढणी सोडून तोंड पुसलं. "त्या एसीवाल्यानंबी समोरूनच सोडला. गाडी समोर जाते ना, म्हनून."

तिथूनच तिनं स्कूटी अकोल्याकडे वळवली.

तिच्या घरी आईनं आधी जेवायला बसवलं. तिची आई बुद्धमूर्तीसमोर उदबत्ती लावून नुकतीच उठली होती. जेवण झाल्यावर स्नेहलनं पुठ्ठ्याचा वीतभर ऑटो कापला, वर पुठ्ठ्याची फळी चिकटवली, तो कूलरसमोर आडवा ठेवला आणि पुड्यातली एक उदबत्ती उचलली.

"वंदनेची हाये थे," आई म्हणाली.

"एकच घेतो आई."

"घे. पन वास घ्यायले मले बोलावजो."

धूर फळीवर जाऊन आदळला, वर चढला, आणि पलीकडच्या बाजूला गोल गोल फिरत राहिला. पुठ्ठ्याचा ऑटो एका अंगानं उचलला गेला. फळी काढून टाकली तर तोच ऑटो तसाच बसून. खेळच होता तो, त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. पण आम्ही तिघी बायका वाकून त्या धुराकडे बघत होतो. मग आई म्हणाली, "मंग त्या मानसाचा काय दोस?"

मग खरं काम झालं. संगणकातल्या खोलीत वारा बाजूच्या भिंतीतून. अमरावतीकडे येणाऱ्या ऑटोच्या उजव्या अंगाला पश्चिमेचा वारा. या वेळी चित्रात फळीची अख्खी बाजू लालभडक, म्हणजे वारा जोरात दाबतोय, पलीकडे गडद निळं. तेवढाच वारा असताना बिनफळीचा ऑटो चार चाकांच्या गाडीइतका नाही, पण बऱ्यापैकी घट्ट बसलेला. फळी लावली की उजव्या चाकावर भार जवळजवळ उरतच नाही. तीन चाकांची गाडी, पुढे एकच चाक, आणि डोक्यावर शीड.

मी तेव्हाच पत्रकाचा मथळा ठरवला आणि ते लाल चित्र मागितलं. स्नेहल देईना.

"ही जाळी जाडीभरडी हाये. बारीक करून पाहू दे."

बारीक केली. उत्तर थोडं खाली आलं. अजून बारीक केली, अजून थोडं खाली आलं आणि मग थांबलं. दिशा तीच राहिली, पण आधीसारखं अंगावर येणारं नव्हतं. मी चिडले.

"पहिलंच चांगलं होतं."

"तुले पाह्यजे तसं आलं म्हनून बरोबर आलं का?" ती म्हणाली. "अन् हे पाहा." तिनं चित्राच्या कडेला, कोणता रंग म्हणजे किती दाब ते सांगणाऱ्या रंगांच्या पट्टीवरचे आकडे बदलले. तेच चित्र क्षणात पूर्ण लाल झालं. पुन्हा बदलले, पूर्ण निळं. "गाडी तीच, वारा तोच. आता सांग, कोनतं छापतं?"

त्या दुपारपासून मी रंगीत चित्रांवर विश्वास ठेवणं सोडलं, आमच्याही. क्लासच्या त्या निळ्या चित्राला रंगांची पट्टीच नव्हती, कापून टाकली होती, हे मला तेव्हा आठवलं. तिथे बसून मला ते दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. आता मला सगळीकडे अशी कापलेली पट्टी दिसते. रस्त्याचे आलेख, पाण्याचे आलेख, निकालांचे फलक. एखादी गोष्ट फारच निळी दिसली की मी कडेला पट्टी शोधते.

अमरावतीला आल्यावर आम्ही ती फळी प्रल्हादभाऊंच्या उभ्या ऑटोवर दोरीनं बांधली, मैदानात वाऱ्याला आडवी लावली. उरलेल्या पत्रकांच्या पट्ट्या कापून एका टोकानं फ्लेक्सवर चिकटवल्या. वाऱ्याच्या बाजूच्या पट्ट्या फळीला चिकटून बसल्या, हलेचनात. पलीकडच्या पट्ट्या उलट्या दिशेनं फडफडत होत्या, फळीला बाहेर ओढल्यासारख्या. प्रल्हादभाऊ गळ्यातला हात सावरत भोवती फिरले.

"लग्नाची गाडी केली तुमी माह्या ऑटोची," म्हणाले. मग उजव्या मागच्या चाकाजवळ थांबले. ऑटो उभा होता, इंजिन बंद होतं, हँडल सरळ होतं. वाऱ्याचा एक झोत आला आणि ते चाक डोळ्यांदेखत हलकं झालं. स्नेहलनं धावत जाऊन दोरी सोडली. प्रल्हादभाऊंनी मोकळा हात त्या चाकावर ठेवला. "मंग मले कोनीच काहून इचारलं नाई," ते म्हणाले, "की वारा कोनीकडून आल्ता?"

पत्रक काढलं. पण स्नेहलच्या अटीवर. खाली ठळक अक्षरात लिहायचं की या गणिताला रस्त्यावरचे खड्डे माहीत नाहीत, झोत किती वेळ टिकला ते माहीत नाही, त्या दिवशी नेमकं काय झालं ते हे सांगू शकत नाही, एवढंच सांगतं की फळी बाजूच्या वाऱ्यात धोक्याची आहे आणि ते कोणी तपासलं नव्हतं. मी असं पत्रक आयुष्यात लिहिलं नव्हतं. रेखाकाकूंनी ते दोनदा वाचलं. "म्हंजे पक्कं नाई ना?" म्हणाल्या. आणि घडी घालून परत दिलं.

हेच मला अजून खुपतं. ज्या चित्रात शंका नव्हती ते लोकांनी ऐकलं. आमच्यात होती, म्हणून आमचं कच्चं ठरलं. पट्टी कापणारा नम्रपणे हसतो आणि पट्टी ठेवणारा अडखळत बोलतो. वर्षभर विचार करून मी या निष्कर्षाला आले आहे की अडखळणाऱ्याकडे आधी कान द्यावा. मोर्चात हे सांगून बघितलं. टाळ्या पडल्या नाहीत.

क्लासला आम्ही ते सगळं नेऊन दिलं होतं, पट्टीसकट. व्यवस्थापक म्हणाला, "नोंद घेतो." घेतली त्यानं नोंद. काल पंचवटी चौकात मी ती नोंद पाहिली. ते गोल नाक. समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी. बाजूचा फ्लेक्स होता तेवढाच, किंबहुना मागं थोडा वाढवलेला, कारण यंदा फोटो जास्त आहेत. म्हणजे आम्ही दिलेलं त्यांनी वाचलं, 'वारा' हा शब्द उचलला, आणि 'कुठून' हा तेवढा सोडून दिला. त्याखाली बसलेला चालक वेगळा होता, पोरगेला, दुपट्टा गुंडाळलेला. मी त्याला विचारलं, "ही कोणी बसवली?" तो म्हणाला, "थे लोकं बसवतात ताई. काच नाई ना झाकली?"

चारला वावधन सुटेल तेव्हा तो कुठे असेल याचा मी काल पूर्ण दुपार विचार केला. प्रल्हादभाऊंचा खांदा आता वर जातो, पूर्ण नाही. जूनच्या शेवटी शाळा उघडली की ते सकाळी ऑटो पुसून गल्लीच्या तोंडाशी लावतील, मागच्या वर्षी लावत होते तसाच, रिकामा. पोरं दुसऱ्या ऑटोतून त्यांना हात दाखवत जातील. पोरांना काही वाटत नाही. वाटतं ते आयांना, आणि आयांना जे वाटतं ते एका निळ्या चित्रातून आणि पेपरातल्या चार ओळींतून आलंय.

म्हणून हे वाचून 'बिचारा' म्हणू नका. तुमच्या हळहळीनं त्या फळीची एक तारही सुटत नाही. तुम्ही अमरावतीत असा, अकोल्यात असा, या महिन्यात टपावर फळी घेतलेला ऑटो तुमच्यासमोरून जाणारच आहे. चालकाला थांबवून पिडू नका, तो बसवत नाही. फळीवरचा फोन नंबर बघा. तुम्हाला लांबून दिसावा म्हणून त्यांनी तो वीतभर उंच छापलाय. तो लावा. पलीकडचा माणूस विचारेल, मुलगा कितवीत आहे. प्रवेशाचं बोलू नका. विचारा, ही फळी बसवण्याआधी तुम्ही वारा कुठून सोडून पाहिला? तो म्हणेल, समोरून. मग विचारा, आणि बाजूनं? उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.